पांजरपोळातून आणलेला कावळा

कावळा कोणी हौसेने पाळत नाही. पोपट पाळतात, मैना पाळतात. आमच्या गल्लीत एकाने तर कबुतरांसाठी गच्चीवर खुराडं बांधलं होतं. पण गंगापूर रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात नऊ वर्षं एक कावळा होता, आणि त्या नऊ वर्षांत माझ्याविषयी लोक जे काही चांगलं बोलले ते बहुतेक त्या कावळ्यामुळे. फार दयाळू माणूस आहे, असं माझ्या पाठीमागे बोललेलंही मी ऐकलं आहे. ते खोडून काढावं म्हणून हे लिहितो आहे. तोंडाने सांगायला गेलो की लोक मला विनयशील समजतात.

आणीबाणी उठून दीड-दोन वर्षं झाली असतील. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, तिशी नुकतीच ओलांडली होती. संक्रांतीच्या दिवशी ऑफिसातल्या एका मित्राच्या गच्चीवर आम्ही पतंग उडवत होतो. दोरा गुंडाळलेली आसारी मित्राच्या हातात होती, दोरा माझ्या. एका काळ्या पतंगाला काटायला म्हणून मी भराभर ढील देत गेलो, दोरा सैल पडून खाली झुकला, आणि समोरच्या निंबावरून उठलेला कावळा त्यात अडकला. काचेचा मांजा होता. मला हाताला फक्त एक झटका जाणवला, मासा लागावा तसा. कावळा शेजारच्या परसात पडला. त्या वेळी आभाळात आणखी पाच-सहा पतंग होते, दोरा कोणाचाही असू शकला असता, असं मित्र नंतर कितीतरी वेळा म्हणाला. पण झटका माझ्याच हाताला बसला होता.

उजवा पंख सांध्यापाशी जवळजवळ तुटला होता. मी त्याला धोतराच्या फडक्यात गुंडाळून सायकलवरून पांजरपोळात नेलं. तिथे भाकड गाई, लंगडे बैल, म्हातारी घोडी असत, आणि एका कोपऱ्यात जाळीच्या खोलीत जखमी पक्षी. संक्रांतीच्या आठवड्यात ती खोली भरून जायची. जनावरांच्या डॉक्टरांनी लोंबणारा पंख कापून टाकला. मी दर रविवारी बघायला जाऊ लागलो. बरी झालेली पाखरं सोडून दिली जात होती. महिना-दीड महिन्यात त्या खोलीत दोन लंगडी कबुतरं, एक आंधळी घार आणि हा, एवढेच उरले. कबुतरं त्याला टोचत होती हे मला विचित्र वाटलं. कावळ्याला कबुतराने टोचावं, इतका तो गरीब झाला होता.

तिथले मुनीम वयस्कर गुजराती गृहस्थ होते. त्यांना मी विचारलं, याचं पुढे काय?

"राहील इथेच," ते म्हणाले. "पोपट असता साहेब, तर न्यायला भांडणं झाली असती. कावळा कोण नेतो?"

मी म्हटलं, मी नेतो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग वही काढली. पाखरू घेऊन जाणाऱ्याकडून ते लिहून घेत असत. लोक चार दिवस हौस करतात आणि पाचव्या दिवशी कुंपणाशी आणून टाकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी माझ्या अक्षरात लिहिलं की, हा पक्षी मी परत आणून सोडणार नाही, तो जिवंत असेपर्यंत माझ्या घरी त्याचा सांभाळ करीन. खाली सही केली. ही दोन वाक्यं लिहायला मला काहीही जड गेलं नाही. ते इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

बायकोने कपाळाला हात लावला, पण मागच्या व्हरांड्याला जाळी ठोकायला तीच स्टूल धरून उभी राहिली. घरमालकांना कावळा घरात नको होता. तो पितरांचा पक्षी, घरात ठेवला की मरण ओढवतं, असं त्यांच्या घरच्यांचं मत पडलं. मग ऑफिसात ही हकीकत पसरली. आमचे साहेब एका रविवारी बायको-मुलांना घेऊन कावळा बघायला आले, म्हणाले, याला म्हणतात माणुसकी. त्यानंतर घरमालकांनीही विषय काढला नाही. घरी कोणी आलं की चहाच्या आधी मी त्यांना व्हरांड्यात नेई. कावळा एका पंखाने तोल सावरत, तिरका होत फळकुटावर उड्या मारी, मध्येच कलंडे, पुन्हा उठे. लोक च्‌च्‌ करत. मी त्याची सगळी कथा सांगे. झटक्याचा भागही सांगे, कारण तो सांगितला की लोकांच्या डोळ्यांत माझ्याबद्दलचा आदर वाढतो हे माझ्या लक्षात आलं होतं.

आता आक्काविषयी लिहिलं पाहिजे.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे कळवणचे. वडील लवकर गेले. आई दुसऱ्यांच्या शेतावर जायची, आणि मला सांभाळायला कोणी नाही म्हणून आक्काची शाळा चौथीत सुटली. मी मॅट्रिक झालो, नाशिकला नोकरीला लागलो, त्यात तिच्या त्या सुटलेल्या शाळेचा वाटा आहे हे घरात कोणी कधी बोललं नाही. तीही नाही. तिचं लग्न झालं, मूल झालं नाही, आणि सात-आठ वर्षांनी नवऱ्याने दुसरी आणली. एके दिवशी ती एक पत्र्याची पेटी घेऊन आईकडे परत आली, ती कायमचीच. माझ्या बायकोलाही मूल झालेलं नाही. तिला कोणी पेटी उचलायला लावली नाही. शिकलेल्या माणसांत हे असं चालत नाही, असं मी अभिमानाने म्हणत असे.

दोघी कळवणला भाड्याच्या एका खोलीत राहत. मी महिन्यातून एकदा जाऊन यायचो. आईला माझ्याकडे येऊन राहा असं मी पुष्कळदा म्हटलं. आई म्हणायची, आणि हिचं काय? मग घरात विचारावं लागेल असं पुटपुटत मी घड्याळ बघायचो. कळवणहून नाशिकची शेवटची गाडी चुकवून चालत नसे.

त्या खोलीवर आईचंच नाव होतं. आई असेतो मालक काही बोलणार नव्हता. आईनंतर आक्काला राहायला जागा नव्हती. हे तिघांनाही ठाऊक होतं.

तिला मी का आणलं नाही, हा प्रश्न आता मला कोणी विचारत नाही. उत्तर मात्र तयार आहे, आणि ते लाजिरवाणं आहे. तिला जेवू घालणं मला जड नव्हतं. आक्का दातांना मिश्री लावायची. मोठ्याने बोलायची, तेही अहिराणीत. साहेबांची बायको घरी आलेली असताना आतून तिचा आवाज येईल, आणि या कोण असं कोणीतरी विचारील, आणि मला नवऱ्याने टाकलेली बहीण असं सांगावं लागेल. एवढंच. चारचौघांसमोर मी एक पंख तुटलेला कावळा दाखवू शकत होतो, बहीण दाखवू शकत नव्हतो.

कावळा येऊन तीन वर्षं झाली तेव्हा आईच्या पोटात गाठ निघाली. उपचार नाशिकलाच होणार होते, म्हणून आईला आणावं लागलं आणि तिची शुश्रूषा करायला आक्का आली. आईला रिक्षातून उतरवून मी आत नेलं. कॉट मागच्या दाराशी टाकली होती, तिथून व्हरांडा दिसे. पहिल्याच दिवशी आईने कावळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या पाखरूले बी घर शे."

या पाखरालाही घर आहे, एवढंच ती म्हणाली. मी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचत राहिलो.

दोन महिने आक्का व्हरांड्यात झोपली, कावळ्याच्या फळकुटाखाली अंथरूण टाकून. आल्या-आल्या तिने दोन गोष्टी केल्या. फळकुटाला तरटाचा तुकडा गुंडाळला, म्हणजे त्याच्या नखांना धरायला आधार झाला आणि त्याचं कलंडणं निम्म्याने कमी झालं. तीन वर्षं त्याला पडताना बघून मला हे सुचलं नव्हतं. दुसरं म्हणजे, घास द्यायच्या आधी ती फळकुटावर दोन बोटं आपटायची, टक टक. अचानक हात पुढे आला की दचकून त्याचा तोल जातो, हे तिने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. पंधरा दिवसांत तो इतका सवयीचा झाला की बोटं वाजल्याशिवाय घासाला चोच लावीना. ती त्याला पाव्हणा म्हणायची. कावळा ओरडला की पाहुणा येतो म्हणतात, आणि हा तर स्वतःच येऊन राहिलाय, असं म्हणून हसायची. मी हसलो नाही. पाहुणा हा शब्द त्या दिवसांत घरात कोणीही काढला की मला तो माझ्याकडे बोट दाखवून काढल्यासारखा वाटे.

आक्का आणि माझी बायको यांचं चांगलं जमलं होतं. दोघी दुपारी बोलत बसत. कधी मी ऑफिसातून आलो की आतून हसणं ऐकू येई आणि मी आत गेलो की थांबे.

आई चैत्रात गेली. शेवटचे दोन दिवस तिला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र आक्काकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून आक्काकडे फिरत होते. मी तिचा हात धरून बसलो होतो. तेव्हा मी म्हणू शकलो असतो. आई, आक्काची काळजी करू नको. सहा शब्दही होत नाहीत.

दहावं गंगेवर करायचं ठरलं. गोदावरीला नाशिकचे लोक गंगाच म्हणतात. नामपूरहून मामा आले. आईचे हे धाकटे भाऊ, कांद्याचे शेतकरी, गावात कांदा साठवायच्या चाळी बांधलेल्या, तोंडाने फटकळ. मी नोकरीला लागल्यापासून ते मला साहेब म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे कधी कळायचं नाही. ऑफिसातला तो गच्चीवाला मित्रही आला होता. बायको घरी स्वयंपाकाचं बघत होती. आक्का चार बायकांबरोबर मागे पायऱ्यांवर उभी होती.

माझं मुंडन झालं, मिशीही गेली. ओल्या पंचाने मी भाताचे पिंड केले, गुरुजींनी सांगितलं तसं त्यांवर दही-तीळ घातले, आणि पत्रावळ कठड्यावर नेऊन ठेवली. आम्ही मागे सरकून उभे राहिलो.

कावळे होते. त्या दिवशी घाटावर पुष्कळ दहावी होती, सकाळपासून पिंडांमागून पिंड मांडले जात होते, आणि पोट भरलेले कावळे मंडपाच्या बांबूंवर ओळीने बसून होते. एकही खाली येईना. आमच्यानंतर आलेल्यांच्या पिंडाला कावळा शिवला, ते आंघोळ करून निघूनही गेले. आमची पत्रावळ तशीच.

आमच्याकडे अशा वेळी काय करतात हे सगळ्यांना माहीत असतं. गेलेल्या माणसाची इच्छा कशात अडकली आहे ते ओळखायचं, आणि पिंडासमोर हात जोडून मोठ्याने शब्द द्यायचा. सगळे ऐकत असतात, म्हणून दिलेला शब्द मागे घेता येत नाही. मी हात जोडले. म्हटलं, आई, गडावर देवीला तुझ्या नावाने साडी-चोळी वाहू. कावळे बसून. म्हटलं, दर वर्षी तुझ्या तिथीला कळवणला जेवण घालू. कोणी हललं नाही. म्हटलं, गावच्या शाळेला तुझ्या नावाने घड्याळ देऊ. हे का सुचलं मला माहीत नाही. आईला घड्याळ वाचता येत नव्हतं.

मामा माझ्या शेजारी उभे होते. खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, घड्याळ नको. काय बोलायचं ते तुम्हाला ठाव हाय."

मी म्हटलं, घरात विचारावं लागेल.

"मंग विचारून यायचं व्हतं."

ऊन चढलं होतं. गुरुजींचे आणखी दोन यजमान खोळंबले होते. ते म्हणाले की, फार वेळ झाला तर दर्भाचा कावळा करून लावतात, शास्त्रात तशी सोय आहे. मामांनी ठाम नकार दिला. दर्भाचा कावळा लावला की म्हातारी अतृप्त गेली असं नामपूरपासून कळवणपर्यंत बोललं जाईल. माझ्याकडे बघतच ते बोलत होते. मागे आक्का उभी आहे हे मला वळून न बघता कळत होतं.

तेवढ्यात मित्र माझ्या कानाशी म्हणाला, "अरे, तुझ्या घरी तर घरचाच कावळा आहे." तो अर्धवट चेष्टेने बोलला होता, ताण हलका व्हावा म्हणून. मी ते बुडत्याने काठी धरावी तसं धरलं. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "कावळा तो कावळा. पाळलेला चालत नाही असं काही माझ्या वाचनात नाही."

मित्र स्कूटरवरून गेला आणि अर्ध्या तासात झाकलेली दुरडी घेऊन आला. घाटावरचे लोक जमा झाले. मी कावळ्याला उचलून कठड्यावर, पत्रावळीपाशी ठेवलं. एका पंखाचा कावळा बघून कोणीतरी हळहळलं. वर बांबूंवरचे कावळे एकदम ओरडायला लागले. हा बिचारा भेदरून अंग चोरून बसला. भाताकडे त्याने पाहिलंही नाही.

मग मला बोटांची आठवण झाली. मी पुढे होऊन कठड्यावर दोन बोटं आपटली. बोटात दर्भाचं पवित्रक होतं, आवाज नीट आला नाही. पुन्हा आपटली. तो मान वाकडी करून माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बघत मागे सरकला. मला त्याने ओळखलंच नाही. आणि तसंही दोन महिन्यांत त्याला माझ्या हातचा एक घास मिळाला नव्हता.

मी वळलो आणि आक्काकडे पाहिलं.

माझ्या आयुष्यात मी जे काही केलं आहे त्यातलं सगळ्यात नीच ते बघणं होतं. मी तोंडाने काही मागितलं नाही. नुसतं पाहिलं, आणि तिला कळलं. ती लहानपणापासून माझं न बोललेलं ओळखत आली होती. मी तिला काय करायला सांगतो आहे, आणि ते केलं की कशातून माझी सुटका होणार आहे, हे तिला कळलं नसेल असं मी स्वतःला समजावून पाहिलं आहे. पण आईच्या पिंडासमोर मी काय काय बोललो आणि काय बोललो नाही, हे तिने सगळं ऐकलं होतं.

पदर खोचून ती खाली आली. कठड्यापाशी उकिडवी बसली. दोन बोटं आपटली, टक टक, घरी आपटायची तशीच. म्हणाली, "खा पाव्हण्या."

कावळ्याने तिच्याकडे पाहिलं, तिरकी उडी मारली, आणि भातात चोच घातली.

गुरुजी म्हणाले, स्पर्श झाला. लोकांनी हात जोडले. मामांनी मान फिरवली आणि नदीकडे बघत उभे राहिले. आक्का उठली, माझ्याजवळून जाताना थांबली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, आणि बोलावं असं त्या क्षणी फार वाटलं.

ती म्हणाली, "भाऊ, अंग पूस. ओल्यानं नको उभा राहू."

दुपारी जेवणं झाली, पाहुणे पांगले, तेव्हा बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. कावळा कशाला न्यायचा ते मित्राने तिला दारात सांगितलं होतं. ती भांडी आवरत होती. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "आक्कांना ठेवू एवढं म्हणायला काय झालं होतं? मी कधी नको म्हटलं?"

नव्हतं म्हटलं. मी तिला विचारलंच नव्हतं. घरात विचारावं लागेल हे मी मामांना सांगितलं, आईला सांगितलं, स्वतःलाही सांगत आलो, आणि घरात कधी विचारलं नाही, कारण तिचं उत्तर मला माहीत होतं. त्याच वेळी, तिथल्या तिथे, मी बाहेर जाऊन आक्काला राहा म्हणू शकलो असतो. दहाव्याला बोललं तरच खरं असं थोडंच आहे. पण आता सगळं पार पडलं होतं. आईचा पिंड शिवला होता, काही अडलं नव्हतं. मी तसं बायकोला म्हटलंही. तिने नुसती कळशी उचलली आणि मोरीत गेली. त्यानंतरही आमचा संसार नीटच चालला. फक्त ती कोणाला मला दयाळू म्हणू देईना, विषय बदलायची.

तेराव्यानंतर मामा आक्काला नामपूरला घेऊन गेले. मी स्टँडवर सोडायला गेलो. तीच पत्र्याची पेटी होती. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून तिने मला दोन सूचना दिल्या: तरट दर महिन्याला बदल, आणि बोटं आपटल्याबिगर घास देऊ नको, उपाशी राहील. मी हो म्हटलं. मामांनी माझा निरोप घेतला नाही.

नामपूरला ती मामांच्या चाळीत कांदा निवडायची. सडका बाजूला, जोड बाजूला, चांगला बाजूला. मामांनी तिला काही कमी पडू दिलं नाही, मामीने मात्र तिचं ताट वेगळं ठेवलं, असं मला नंतर कळलं. पुढच्या पाच वर्षांत मी चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी तिचा पहिला प्रश्न एकच असे: "पाव्हणा कसा हाय?" मी सांगायचो, बरा आहे, परवा व्हरांड्यात वाती वळत बसलेल्या शेजारणीची वात पळवली, पावसात कलंडला. ती ऐकत राहायची, हात कांद्यावर चालूच. हातांना कांद्याचा वास कायमचा बसला होता, त्याची तिला लाज वाटे आणि माझ्यासाठी चहा करताना ती तीन-तीनदा हात धुवायची. तू कशी आहेस, असं मी चारही वेळा विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने बरी हाय म्हटलं असतं, आणि मला तेही ऐकून घेता आलं नसतं.

पाचव्या वर्षी पावसाळ्यात तिला कावीळ झाली. गावठी औषध चाललं होतं. मला तार आली ती गेल्याची.

दहावं मोसम नदीवर केलं. कोणी मुलगा नाही म्हणून भाऊ या नात्याने मीच केलं. पुन्हा मुंडन, पुन्हा पंचा. आदल्या दिवसापासून मी मनाशी एक वाक्य तयार करत होतो. पिंडाला कावळा शिवणार नाही याची मला खात्री होती. कसा शिवेल? तो अडेल, मामा माझ्याकडे बघतील, आणि मग मी सगळ्या गावासमोर बोलेन. आता सांभाळण्याचा शब्द देण्यात अर्थ नव्हता, ते मला कळत होतं. मी कबुली देणार होतो. गंगेवर काय झालं, मी काय टाळलं, ते मोठ्याने सांगून तिची माफी मागणार होतो. मग कावळा शिवो न शिवो. खरं म्हणजे त्याने तासभर तरी थांबावं अशीच माझी इच्छा होती.

पत्रावळ मी नदीकाठच्या दगडावर ठेवली. मागे वळलो. चार पावलंसुद्धा झाली नसतील. बाभळीवरून एक कावळा उतरला, सरळ पिंडावर बसला आणि खायला लागला. मागून दोन आले.

"लय पुण्यवान बाई," मागे कोणीतरी म्हणालं. "कशात जीव अडकला नाय तिचा."

मामा आता म्हातारे झाले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या बघण्यात आता रागही नव्हता. लोक आंघोळीला पाण्यात उतरले. मी जोडायला उचललेले हात तसेच घेऊन उभा होतो. शेवटी मलाही पाण्यात उतरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी नाशिकला आलो. बायकोने काय झालं विचारलं नाही, कावळ्याला सकाळपासून दिलेलं नाही एवढं सांगितलं. मी भाताचा घास घेऊन व्हरांड्यात गेलो. डोक्यावर केस नव्हते, तो मागे सरकणार म्हणून मी दारातच थांबलो. तरट फाटून लोंबत होतं, महिन्याच्या वर झालं असणार. मी ते काढलं, नवं गुंडाळलं, सुतळीने बांधलं. मग दोन बोटं आपटली. तो लगेच आला. एक पंख उघडून तोल सावरत आला, आणि माझ्या हातातलं खाऊ लागला, कोणाच्याही हातचं खावं तसं.

त्यानंतर तो वर्षभर जगला. पांजरपोळाच्या वहीत लिहून दिलेला शब्द मी पाळला.